तळपायाचा दाब कशासाठी मोजायचा?

प्रश्न : मी रोज पळतो. तळपायाखालचा दाब मोजून घ्यावा, असा सल्ला मिळाला. वजनकाट्याहून त्यात वेगळे काय कळते?

उत्तर : वजनकाटा केवळ एकूण भार सांगतो, संवेदक बसवलेली पट्टी किंवा बुटातील सुकतळा मात्र तो भार टाच, चवडा आणि अंगठा यांवर कसा व किती वेळ पडतो, हे दाखवतो. पळताना जमिनीवरचा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण २ ते ३ पट होतो, आणि तो लहानशा जागेवर एकवटला की तेथील दाब फार वाढतो. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी ही चाचणी अधिक मोलाची आहे, कारण तेथे वेदना इशारा देत नाही. पट्टीवर अनवाणी चालून मिळालेले आकडे बुटात पळतानाच्या दाबाला लागू पडत नाहीत, म्हणून आपण सुकतळ्यानेच मोजून घ्यावे. काहीच दुखत नसेल, तर माझ्या मते हा खर्च टाळावा.