खोकं उघडून बघ

वास्को, भाऊबीज

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मासळी बाजारात होतो. आजूबाजूच्या कलकलाटात एवढंच ऐकू आलं की कंटेनर सील व्हायला आठ दिवस राहिलेत आणि तुला झोप लागत नाही. झोपेचं माझ्या हातात नाही. बाकीचं लिहितो.

औलीच्या बर्फातलं प्रशिक्षण झालं, वैद्यकीय तपासणीत पास झालीस, वर्षभर अंटार्क्टिकातल्या आपल्या 'मैत्री' तळावर राहायला निवड झाली. अवघड ते सगळं संपलं, असं तुला वाटत असेल. आता उरलंय ते किचकट आहे आणि माझ्या अनुभवात माणसं तिथंच चुकतात.

माझीच गोष्ट घे. पहिल्यांदा हिवाळी तुकडीत गेलो तेव्हा जनरेटरच्या सुट्या भागांची यादी माझ्याकडे होती. खोक्यावर 'फिल्टर' लिहिलेलं, यादीतही 'फिल्टर', मी खूण केली आणि पुढे सरकलो. मे महिन्यात ते खोकं उघडलं. फिल्टर होते, त्यांची वायसरं नव्हती. जहाज कधीच परत गेलेलं, पुढचं यायला उन्हाळा उजाडावा लागणार आणि बाहेर सूर्य महिना-दोन महिने उगवणार नाही अशी वेळ. जुनी ट्यूब कात्रीने कापून आम्ही वायसरं बनवली. ती गळायची. गळलेलं तेल पुसायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं आणि कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. ते जास्त लागलं.

वायसर म्हणजे क्षुल्लक गोष्ट वाटते. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या माणसांनी वाटेवरच्या साठ्यांत रॉकेलचे डबे ठेवले होते, त्यांच्या बुचांना चामड्याची वायसरं होती. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना त्यांना ते डबे अपेक्षेपेक्षा रिकामे सापडले, रॉकेल बुचातून उडून गेलेलं. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवून पाणी नाही आणि गरम अन्नही नाही. त्यांच्या मृत्यूला कारणं पुष्कळ होती, सगळा दोष बुचावर टाकता येणार नाही. पण त्यांच्याआधी ध्रुवावर पोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनने आपले डबे झाळून घेतले होते, हेही खरं.

म्हणून या आठ दिवसांत यादी बाजूला ठेव आणि प्रत्येक खोकं स्वतः उघड. आतली वस्तू हातात घे, जोडून बघ, चालू करून बघ. तुझ्या उपकरणाची केबल खोक्यात आहे एवढ्यावर थांबू नकोस, ती त्याच खाचेत बसते का ते बघ. आणि हे सगळं जाड हातमोजे घालून कर. उघड्या बोटांनी दोन मिनिटांत लागणारा नट मोजे घालून किती वेळ घेतो, ते इथं पंख्याखाली कळलेलं बरं.

भरण्याचा क्रमही तूच ठरव, गोदामवाल्यांवर सोडू नकोस. जहाज बर्फाच्या कड्याला लागतं, तिथून मैत्री सुमारे १०० किलोमीटर आत. पिस्टन बुली, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्या, स्लेज ओढत नेतात, हवा बिघडली की सगळं जिथल्या तिथं थांबतं. पहिल्या दिवशी लागणारी वस्तू सगळ्यात शेवटी भरायची. खोक्याच्या चारही बाजूंना क्रमांक लिही, कारण तुला हवी असलेली बाजू नेहमी भिंतीकडे असते. डेकवर ठेवायचं सामान दोरखंडांनी दोनदा आवळायला सांग. चाळीस अंश अक्षांशाखाली समुद्र कुणाचं ऐकत नाही. स्कॉटचंच 'टेरा नोव्हा' जहाज १९१० च्या नोव्हेंबरअखेर न्यूझीलंडहून निघालं ते कोळसा, घोडे, पेट्रोल यांनी डेकपर्यंत लादलेलं. थोड्याच दिवसांत वादळ आलं, कोळशाची भुकटी आणि तेल यांचे गोळे होऊन पंप तुंबले आणि माणसं रात्रभर बादल्यांनी पाणी उपसत होती.

आता तुझ्या सॅकबद्दल. तू सह्याद्री पालथा घातलेली मुलगी, तुझ्या बुटांच्या खाचांत लाल माती आणि मोज्यांत कुसळं असणारच. ती अंटार्क्टिकात न्यायची नाहीत. शोभेचा नियम नाही हा. आर्क्टोव्स्की या पोलंडच्या तळापाशी १९८० च्या दशकात बाहेरून आलेलं गवत उगवलं, तेव्हापासून ते निस्तरणं चालू आहे. खिसे उलटे कर, वेल्क्रो चिमट्याने साफ कर, बूट ब्रशने घास. बहुतेकांचं वेल्क्रोकडे लक्ष जात नाही. तुझी आई तुळशीतली चिमूटभर माती पुडीत बांधून देईल, माझ्या आईने दिली होती. नमस्कार करून ती घरीच ठेव, अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपणाऱ्या माद्रिद कराराने माती न्यायला बंदी आहे. उपकरणांभोवती थर्मोकोलचे दाणे असतील तर तेही काढ, त्यांनाही बंदी. मेतकूट आणि आमसुलं मात्र भरपूर घे. वर्षभरात तीच सगळ्यात आधी संपतात.

दाताचा डॉक्टर गाठ, दुखत नसला तरी. मैत्रीच्या शेजारचा रशियाचा नोवोलाझारेवस्काया तळ तू बघशीलच. तिथं १९६१ च्या एप्रिलमध्ये लिओनिद रोगोझोव या डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला आणि तळावर दुसरा डॉक्टर नसल्याने त्याने स्वतःचं ऑपरेशन स्वतःच केलं. तुमच्याकडे डॉक्टर असेल, पण दाढेसाठी त्याला तो प्रसंग आठवायला लावू नकोस.

घरचं थोडक्यात. बँकेचं मुखत्यारपत्र भावाच्या नावे कर. सिम घरी ठेव आणि रिचार्ज बंद पडू देऊ नकोस. ओटीपी त्याच नंबरवर येणार आणि तू सत्तर अंश दक्षिणेला असणार.

गरम कपडे घालून बघितलेस का? १९८३-८४ च्या मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या पहिल्या भारतीय स्त्रिया तिथं गेल्या, त्याला आता चाळीस वर्षं उलटली. तरीही कपाटातला सूट बहुधा पुरुषाच्या मापाचा निघेल. तो अंगावर चढवून खाली बस, वाक, खांद्यावर वजन घे. बाह्या लांब असतील तर आत्ताच शिंप्याकडे टाक. हातमोज्यांना दोरी शिव, वाऱ्याने गेलेला मोजा परत येत नाही.

शनिवारी सकाळी मी गोदामात येतो. गेटवर माझ्या नावाचा पास ठेव. आणि तोवर एकाही खोक्याला खिळा ठोकू देऊ नकोस.

तुझा,
काका