प्रायोगिक विमानांचे जुने कागद कोल्हापुरात राहून जमवता येतील का? सुरुवात कुठून करावी?

येतील की. फक्त जगभरची विमानं एकदम अंगावर घेऊ नका, एकच धरा.

परदेशी विमान-प्रकल्पांचं आकर्षण मोठं असतं, पण तिथं भाव आणि नकला दोन्ही जास्त. कॅनडाचं अॅव्रो अॅरो हे लढाऊ विमान २० फेब्रुवारी १९५९ ला रद्द झालं आणि विमानांबरोबर ड्रॉइंगंही नष्ट करायचा हुकूम निघाला. त्यामुळे वाचलेल्या चिटोऱ्यालाही किंमत आहे, आणि म्हणूनच नकली मालही फिरतो. अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट-विमानाचे अहवाल नासाच्या साइटवर फुकट मिळतात. त्यांचे प्रिंट काढून ‘ओरिजिनल’ म्हणून खपवणारे भेटतात. भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची बारीक फवारणी दिसली तर कागद इंकजेटमधून आलाय.

मी आपल्या देशात बनलेलं जेट लढाऊ विमान एचएफ-२४ मारुत धरलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या फॉके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाचे जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांनी ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडवलं. १७ जून १९६१ ला चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. पुढे १० जानेवारी १९७० ला मारुतच्याच चाचणीत दास गेले. मारुत निवडण्याचं कारण साधं आहे: बंगळूरला नोकरी करून निवृत्तीला इकडं परतलेली माणसं आपल्या भागात आहेत. ब्रोशर, कारखान्याचं गृहपत्र, समारंभाची निमंत्रणपत्रिका, मागे शिक्का असलेला प्रेस फोटो हे त्यांच्या ट्रंकेत असतं, आणि घर आवरलं की किलोवर जातं. म्हणून ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, पण आधी त्या आजोबांकडे जाऊन बसा. कोण, कुठल्या खात्यात, कागद हातात कसा आला, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून घ्या. ही चिठ्ठी नसलेला कागद माझ्या लेखी निम्म्या मोलाचा. ‘गोपनीय’ शिक्का दिसला तर मात्र हात लावू नका. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे.

ड्रॉइंग ओळखायचं तर उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या ड्राफ्ट्समनला दाखवा. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा म्हणजे खरी ब्लूप्रिंट, फिकट जमिनीवर निळ्या-जांभळ्या रेषा म्हणजे अमोनिया प्रिंट. दोन्ही उजेडानं उडतात, म्हणून भिंतीवर झेरॉक्स लावा आणि मूळ प्रत सपाट, अंधारात ठेवा.

आपल्याकडचा पाऊस हा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर सिलिका जेल घातलेला घट्ट डबा, पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरचं कव्हर, आणि सेलोटेप अजिबात नको. लॅमिनेशन केलेला कागद तर मी फुकटही घेत नाही.