साथीत ताप असताना फादर मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येऊ नका म्हणतात. हा माझ्या हक्कावर घाला नाही का?

नाही, आणि अशा वेळी रविवारचा मिस्सा चुकला तर ते पापही नाही. ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ या चर्चच्या अधिकृत ग्रंथाच्या २१८१ व्या परिच्छेदात आजारपण हे गैरहजेरीचं रास्त कारण म्हणून दिलंय. राज्यघटनेचं कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतानाच सार्वजनिक आरोग्याची अट घालतं. साथीतले डीसींचे (जिल्हाधिकाऱ्यांचे) आदेश त्याच अटीत बसतात. बायबलमध्ये संत पौल करिंथकरांना बजावतो, तुमची मोकळीक दुबळ्यांना ठेच ठरू नये (पहिलं पत्र, ८:९). तिथे वाद मूर्तींच्या नैवेद्याचा होता, पण निकष इथेही लागतो: खानापूरकडच्या छोट्या चर्चमध्ये लोक बाकावर खेटून बसतात आणि त्यात म्हातारी माणसं असतातच. तेव्हा फादरांना आधी फोन करून ख्रिस्तप्रसाद (मिस्सात पवित्र केलेली भाकरी) घरी मागवा, शक्यतो जिभेऐवजी हातावर घ्या. द्राक्षारसाचा प्याला टाळला तरी बिघडत नाही, नुसत्या भाकरीतही पूर्ण ख्रिस्त मिळतो. लसीचं मात्र वेगळं. कोविड लसीवरच्या व्हॅटिकनच्या २१ डिसेंबर २०२० च्या टिपणानुसार ती ऐच्छिक असावी. पण विवेकाच्या कारणाने नाकारणाऱ्याने आपल्यामुळे संसर्ग पसरणार नाही याची खबरदारी घ्यायची. ‘ऐच्छिक’ सांगणारे बहुतेक जण हे पुढचं वाक्य गाळतात.