हॅक झालं म्हणजे नेमकं काय झालं?

अगं,

तुझी बातमीची कॉपी काल रात्री मीच थांबवली, आणि तू चिडलीयस हेही कळलंय, डेस्कवर काही लपत नाही. हेडिंग होतं 'घरातले कॅमेरे हॅक, हजारो कुटुंबं उघड्यावर'. उघड्यावर म्हणजे बेघर गं, पण ते सोड, ते मी बदललं असतं. माझं अडलंय 'हॅक'वर. कोण शिरलं, कुठून शिरलं, शिरलं तरी का, की घरातल्याच कोणाकडे पासवर्ड होता, कॉपीत यातलं काहीच नाही.

मी पण हेच केलंय म्हणून सांगतोय. खूप वर्षं झाली, एका सोसायटीतल्या घराच्या हॉलचं फुटेज बाहेर फिरलं आणि मी हेडिंग ठोकलं 'हॅकर्सचा डोळा तुमच्या हॉलवर', वर स्वतःवरच खूश. तिसऱ्या दिवशी त्या घरचे काका ऑफिसात आले, कापडी पिशवीत डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, घेऊन. खाली स्टिकर, त्यावर युजरनेम-पासवर्ड छापलेला, तो कधी कोणी बदललाच नव्हता, आणि कॅमेरे बसवून गेलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये यांचं लॉगिन तसंच चालू. कसला हॅकर, तो पोरगा त्यांच्याकडे चहा पिऊन गेलेला. काका म्हणाले, तुमचं वाचून आम्ही वायफायवाल्याला शिव्या घातल्या हो, राउटर पण बदलला. म्हणजे पैसे गेले आणि तो पोरगा अजून बघतोच आहे.

आता रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीचं प्रकरण घे, ते नीट वाच. डिसेंबर २०१९, अमेरिकेतलं मिसिसिपी, आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीत कॅमेरा बसवून चारच दिवस झालेले, आणि त्यातून कोणी परका तिच्याशी बोलायला लागला, म्हणे मी सांताक्लॉज. सगळीकडे 'रिंग हॅक'. कंपनीनं सांगितलं आमच्या सिस्टिममध्ये कोणी घुसलेलं नाही, लोक दुसरीकडे फुटलेला पासवर्डच इथे वापरतात. झालं, मग सूर फिरला, चूक ग्राहकांची. कंपनीचं व्हर्जन घ्यायचंच असतं, पण व्हर्जन म्हणून, निकाल म्हणून नाही. कारण मे २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, जी तक्रार दाखल केली तिच्यात असं होतं की २०१७-१८ मध्येच असे हल्ले झालेले असूनही कंपनीनं वेळेवर बंदोबस्त केला नाही आणि पुढे ५५ हजारांवर ग्राहकांच्या खात्यांत लोक शिरले. त्याच तक्रारीत अजून एक भलतीच गोष्ट, २०१७ मध्ये कंपनीचाच एक कर्मचारी किमान ८१ महिलांचे व्हिडिओ महिनोन्महिने बघत होता. याला हॅक म्हणणार का तू? त्याच्याकडे तर किल्लीच होती! आणि ५८ लाख डॉलर 'दंड' असं बऱ्याच जणांनी छापलं, ते पैसे ग्राहकांना परत द्यायचे होते, आणि कंपनीनं आरोप नाकारूनच प्रकरण मिटवलं. तेव्हा 'कमिशनच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द जागा खातात म्हणून उडवायचे नाहीत.

आकड्यांचं पण तसंच आहे. फेब्रुवारी २०२४, वाइझ, ही पण कॅमेऱ्यांचीच कंपनी. क्लाउड, म्हणजे कॅमेरे ज्या इंटरनेटवरच्या सर्व्हरला जोडलेले ते, बंद पडलं, कॅमेरे एकदम परत चालू झाले, लोड वाढला आणि कोणता कॅमेरा कोणाचा याचीच सरमिसळ झाली. बाहेरून कोणी आलंच नाही. कंपनी आधी म्हणाली १४ प्रकार सापडले, दोन-तीन दिवसांत तोच आकडा झाला साधारण १३ हजार. पण १३ हजार काय? १३ हजार लोकांना दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचे छोटे फोटो दिसले, त्यातल्या १,५०४ जणांनी त्यावर टॅप केलं. हे बघणारे झाले, ज्यांची घरं दिसली ते वेगळे मोजायला हवेत, आणि पुष्कळ बातम्यांत दोन्ही एकच करून टाकले. पहिल्या दिवशी '१४' छापून जे पुढे गेले आणि फॉलोअप केलाच नाही त्यांच्या वाचकाला आजही १४च माहीत असणार.

युफी या तिसऱ्या कॅमेरा कंपनीच्या वेळी मात्र एक काम छान झालं. नोव्हेंबर २०२२, फुटेज घरातच राहतं असं कंपनी सांगत होती आणि एका संशोधकानं ते खोडून काढलं, तेव्हा द व्हर्ज या टेक्नॉलॉजीच्या बातम्या देणाऱ्या वेबसाइटच्या लोकांनी व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या साध्या प्लेयरवर आपल्याच कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र दुरून बघून खात्री केली आणि मगच छापलं. आधी नाकारलेलं ते कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये कबूल केलं.

तुझ्या बातमीत 'हजारो' कुठून आले ते मला फोन करून सांग. तक्रार एकाच घराची आहे ना? आणि सायबर पोलिसांच्या साहेबांना परत विचार, अॅप किती मोबाईलमध्ये चालू होतं, पासवर्ड कोणाकोणाला दिलेला, कॅमेरे बसवले कोणी. ते नाही म्हणाले तर नाही म्हणाले असं लिही. चारपर्यंत दे, पान छपाईला सोडायचंय. आणि हो, बातमीतल्या त्या ताईंचा बाल्कनीतला फोटो काढून टाक, तोंड ब्लर केलंयस पण मागे सोसायटीच्या नावाची पाटी अख्खी वाचता येतेय.