फास्ट, क्विक, रॅपिड, हेस्टी: सगळ्यांचा अर्थ 'जलद'च, मग कुठला कुठं वापरायचा?

डिक्शनरीत सगळ्यांपुढं 'जलद' लिहिलंय हे खरं, पण गोंधळ इंग्रजीपेक्षा आपल्या 'लवकर'मुळं जास्त होतो. 'लवकर ऊठ' म्हणजे नेहमीच्या वेळेआधी ऊठ, तिथं अर्ली. 'लवकर परत ये' म्हणजे आतापासून थोड्याच वेळात, तिथं सून. 'लवकर आवर' म्हणजे काम कमी वेळात उरक, तिथं क्विकली. आपण तिन्हीकडं फास्ट लावतो. फोनवर 'कम फास्ट' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, गाडी पळवत ये. तुम्हाला म्हणायचं असतं 'कम सून'.

फास्ट आणि क्विकसाठी मनात एकच प्रश्न विचारा: किती वेगानं, की किती वेळात? वेग असेल तर फास्ट. मुंबई–सोलापूर वंदे भारत (१० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली ती) फास्ट ट्रेन आहे, क्विक ट्रेन नाही. पण गाडी सुटायच्या आत उभ्याउभ्या घेतलेला चहा क्विक कप ऑफ टी. चहा काही धावत नसतो. तसंच क्विक लुक, क्विक क्वेश्चन, क्विक बाथ. फास्ट फूड हा रुळलेला जोडशब्द आहे, त्यावरून नियम काढू नका. लर्नरला मात्र दोन्ही चालतात.

फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का असा होता आणि तो अजून मेलेला नाही. चादर धुतल्यावर रंग जात नसेल तर तो फास्ट कलर; सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपलेला. उपवासाचा फास्टही त्याच मुळाचा, नियम घट्ट धरणं. क्विकचा जुना अर्थ जिवंत. म्हणून पाऱ्याला क्विकसिल्व्हर, जणू जिवंत चांदी. आणि घड्याळ पाच मिनिटं फास्ट आहे म्हणजे ते पाच मिनिटं पुढं आहे. 'फास्टली' मात्र लिहू नका. 'ही रन्स फास्ट' (He runs fast), एवढंच.

रॅपिड बदलाच्या दराला लागतो: शहराची वाढ, नाडी, श्वास. धावणाऱ्या माणसाला रॅपिड म्हणत नाहीत. स्विफ्ट जरा लेखी शब्द, बातमीतला. स्विफ्ट अ‍ॅक्शनमध्ये थोडं कौतुकही असतं. स्पीडी बहुतेक ठरावीक जोड्यांत भेटतो, स्पीडी रिकव्हरी, स्पीडी ट्रायल. प्रॉम्प्टमध्ये वेग नसतोच, फक्त विलंब नसतो. माल उचलल्यावर व्यापाऱ्यानं ठरल्या तारखेला पैसे दिले तर ते प्रॉम्प्ट पेमेंट, मग ती तारीख महिन्यानंतरची का असेना.

सगळ्यात महागात पडणारी चूक हेस्टीची. आपल्याकडं 'गडबडीत आहे' म्हणतात, त्याला आय अ‍ॅम इन अ हरी. यात दोष नाही, फक्त वेळ कमी आहे. हेस्टीत दोष आहे: विचार न करता, घिसाडघाईनं. क्विक डिसिजन ही शाबासकी, हेस्टी डिसिजन ही टीका. मुलाखतीत 'आय टेक हेस्टी डिसिजन्स' म्हणणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. (आणि गडबडचं भाषांतर प्रॉब्लेम करू नका, तो हिंदीतला अर्थ.)

रशमध्ये ढकलणं आहे. डोन्ट रश मी, म्हणजे मागं लागू नको. 'बसला खूप रश आहे' हे आपल्या तोंडी बसलंय, पण परीक्षेत बस इज क्राउडेड लिहा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीलाही क्राउडेडच. स्पीडला मात्र फास्ट लावत नाहीत, हाय लावतात: हाय स्पीड, लो स्पीड.

ऑफिसच्या पत्रातला 'अ‍ॅट द अर्लियस्ट' जपून वापरा. इथं त्याचा अर्थ 'शक्य तितक्या लवकर' असा घेतला जातो. पण 'फ्रायडे अ‍ॅट द अर्लियस्ट' म्हणजे शुक्रवारच्या आधी नाहीच! परदेशी गिऱ्हाइकाला लिहिताना 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' लिहा, किंवा सरळ 'बाय फ्रायडे' म्हणून वार टाका.