गाडी उशिरा का येते? : वाचकांचे आरोग्यविषयक प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. नाव आणि तालुका छापू नका, बीड जिल्हा एवढंच लिहा. जूनमध्ये माझ्या वहिनीला रात्री दीडला कळा सुरू झाल्या, १०८ला फोन लावला, गाडी यायला पावणेदोन तास लागले, मग ग्रामीण रुग्णालयात नेलं तर तिथं म्हणाले सिझर लागेल पण भुलेचे डॉक्टर नाहीत, जिल्ह्याला न्या, म्हणजे परत सत्तर किलोमीटर. बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं, आता बरं आहे. गावात नंतर पुढाऱ्यांची भांडणं लागली, एक म्हणतो सरकारने गाड्या दिल्याच नाहीत, दुसरा म्हणतो आम्ही एवढ्या गाड्या दिल्या. खरं कोण बोलतंय?

उत्तर : दादा, आधी वहिनी आणि बाळ दोघं सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, भुलेचे डॉक्टर नव्हते ही.

गाड्यांचं आधी सांगतो. आपल्याकडे १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरसकट सगळी सोय असलेल्या आणि ७०४ साध्या. केंद्राचं माप असं की एक लाख लोकांमागं एक साधी गाडी आणि पाच लाखांमागं एक मोठी. २०११च्या जनगणनेत आपण सव्वाअकरा कोटी होतो, म्हणजे त्या मापाने साध्या गाड्याच अकराशेच्या वर पाहिजेत. मोठ्या गाड्या तेव्हाच्या लोकसंख्येला पुरेशा होत्या, साध्याच कमी पडत होत्या. त्यामुळे गाड्या कमी म्हणणारा पुढारी काही खोटं बोलत नाही. गाड्या वाढवायचं नवं टेंडर निघालं, त्यावरून आरोप-प्रत्यारोप झाले, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल.

पण आता माझं ऐका, मी स्वतः ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर म्हणून रात्रपाळ्या केल्यात. तुमचा फोन गेला तेव्हा तुमच्या भागातली गाडी कुठं होती? बहुतेक वेळा ती दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जिल्ह्याच्या रस्त्याला लागलेली असते. सत्तर किलोमीटर आपल्या रस्त्यांवर रात्री जायला पावणेदोन तास, तिथं पोचल्यावर खाट मिळेपर्यंत पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर, त्यात अर्धा-पाऊण तास, मग परत यायला तेवढाच वेळ, म्हणजे एका रेफरमागं गाडी चार-साडेचार तास गायब. एका रात्रीत असे दोन रेफर झाले की सकाळपर्यंत त्या भागाला गाडीच उरत नाही, आणि मग शहरात २० मिनिटं आणि खेड्यात ३० मिनिटं हे जे ठरलेलं आहे ते कागदावरच राहतं.

ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं असतं, तिथं सिझर व्हायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ पाहिजे, भूलतज्ज्ञ पाहिजे, बाळाला बघणारा पाहिजे, रक्त साठवायची सोय पाहिजे, रात्रीची सिस्टर पाहिजे, लाइट गेली तर जनरेटर आणि त्यात डिझेल पाहिजे. यातलं एक नसलं तरी बाकीचे सगळे हात बांधून बसतात आणि कागदावर ‘रेफर’ लिहिलं जातं. मी स्वतः लिहिलंय, किती वेळा ते मोजलं नाही, पण गाडी गेटमधून बाहेर पडताना जे वाटायचं ते अजून जात नाही. केंद्राच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरच्या अशा रुग्णालयांत लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी दर पाचांत जवळपास चार जणांची कमतरता दिसते. म्हणजे आपण अॅम्ब्युलन्सला रुग्णालयाच्या जागी वापरतोय. गाडी दुप्पट केली तरी दोन्ही गाड्या जिल्ह्याच्याच रस्त्यावर दिसतील.

आणि जिल्ह्याला पोचल्यावर तरी काय? ऑक्टोबर २०२३ आठवा, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात. तेव्हा रुग्णालयाकडून सांगितलं गेलं की बरेच पेशंट बाहेरून अगदी शेवटच्या अवस्थेत आले होते. मग एक खासदार आले, त्यांनी डीनना संडास साफ करायला लावला, त्याचे व्हिडिओ घरोघरी पोचले आणि चर्चा त्या झाडूवरच होत राहिली. ती बाळं कुठून रेफर झाली, तिथं कोण नव्हतं, ती जागा किती वर्षं रिकामी होती, हे विचारायला पाहिजे होतं. मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठं रिकाम्या जागा आणि खर्चाचा विषय नीट निघाला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याची मार्च २०२२ची निवडणूक याच विषयावर झाली, तिथं गाड्या येतात पण अॅडलेडच्या रुग्णालयांबाहेर पेशंट गाडीतच ठेवून तासन् तास रांगेत उभ्या राहतात. तेव्हाचं सरकार ६६.२ कोटी डॉलरचं इनडोअर स्टेडियम बांधणार होतं, विरोधी लेबर पक्ष म्हणाला ते रद्द करू आणि पैसा आरोग्याला देऊ, आणि ते जिंकले, स्टेडियम रद्दही केलं. तरी रांगा पुढची काही वर्षं वाढतच गेल्या, कारण आतल्या खाटांवर असे म्हातारे लोक अडकलेले होते ज्यांना घरी किंवा वृद्धाश्रमात पाठवायची सोय नव्हती. म्हणून सांगतो, गाडीचा उशीर बघताना गाडीच्या आधी खाट बघा आणि खाटेशेजारी कोण उभं आहे ते बघा.

प्रश्न : लाडकी बहीण योजनेत सगळा पैसा गेला म्हणून दवाखान्यांना मिळत नाही असं आमच्या ग्रुपवर रोज येतं. खरंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अर्धं खरं आहे. २०२४ला योजना आली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता, एवढा मोठा आकडा आला की बाकीच्या खात्यांना त्याची झळ बसणारच. पण दवाखान्यांचे हाल २०२४ला सुरू झाले का हो? २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी २०२०पर्यंत बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्याला द्यावा, आपण तेव्हाही त्याच्या जवळपास नव्हतो आणि तेव्हा ही योजना नव्हती. मधल्या काळात सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. बायकांच्या पंधराशे रुपयांकडे बोट दाखवणं सोपं आहे, त्यातले कितीतरी पंधराशे औषधांतच जातात हे मी ओपीडीत रोज बघायचो.

मला जास्त खटकतं ते वेगळं आहे. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं कवच पाच लाखांचं केलं, चांगलंच केलं, त्यातून अँजिओप्लास्टी होते, कॅन्सरची ट्रीटमेंट होते. पण अशी मोठी ऑपरेशनं करणारे योजनेत घेतलेले दवाखाने बहुतेक शहरात, आणि योजनेच्या कार्डाने रात्री तीन वाजता तालुक्यात भूलतज्ज्ञ उभा राहत नाही. कार्डाची जाहिरात करता येते, इमारतीचं उद्घाटन करता येतं, गाडीला हिरवा झेंडा दाखवता येतो, पण भरलेल्या पदाचा फोटो निघत नाही म्हणून ते कुणाच्याच जाहीरनाम्यात वर येत नाही. पगार वेळेवर, राहायला क्वार्टर, पोरांना शाळा आणि कंत्राटाऐवजी कायम नोकरी एवढं दिलं तर माणसं येतात, मी आलेली बघितलीत.

प्रश्न : बाळंतपणाला १०८ की १०२? आणि ड्रायव्हरने डिझेलचे पैसे मागितले तर? (एक आशाताई, नंदुरबार)

उत्तर : ताई, १०२ ही गरोदर बाई आणि लहान बाळासाठीच आहे, घरून दवाखान्यात, रेफर झालं तर पुढं आणि नंतर घरी सोडायलासुद्धा, आणि २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे पूर्ण फुकट आहे. रक्त जातंय, झटके आलेत, श्वास लागलाय असं काही असलं तर सरळ १०८, त्यात डॉक्टर असतो. पैसे मागितले तर देऊ नका, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार करा. फोनवर गावाचं नाव सांगताना तालुका आधी सांगा, १०८ची कंट्रोल रूम पुण्यात आहे आणि एकाच नावाची गावं चार-चार असतात, पाड्यावर असाल तर डांबरी रस्ता जिथं संपतो ती जागा सांगा आणि तिथं बॅटरी घेऊन कुणाला तरी उभं करा.