एच.२६५ मधले फोर-के चित्रीकरण संपादनात अडखळते. कोडेक कोणता निवडावा?

विसर्जन मिरवणुकीचे फोर-के चित्रीकरण एच.२६५ या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) असल्यामुळे संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन अडखळते, आणि संपादनासाठी बनवलेल्या प्रोरेस कोडेकमध्ये रूपांतर करावे तर डिस्क भरून जाते, अशी तुमची अडचण आहे. लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक मीही काही वर्षे चित्रित करतो; माझे मत असे की संपादन आणि साठवण ही दोन्ही कामे एकाच कोडेकवर सोपवू नयेत.

एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये थोड्याच फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात, बाकीच्यांमध्ये केवळ बदलांची नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर मागेपुढे जाताना एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यातून चित्रीकरण १० बिट ४:२:२ असेल, म्हणजे त्यात रंगांची जास्त माहिती असेल, तर अनेक ग्राफिक्स कार्डे ते स्वतः उलगडू शकत नाहीत आणि सारा भार प्रोसेसरवर पडतो. प्रोरेस आणि त्यासारख्याच डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून ते हलके चालतात. मात्र सेकंदाला २५ फ्रेमच्या फोर-के प्रोरेस ४२२ ला तासाला सुमारे २२० जीबी लागतात, तर कॅमेऱ्याच्या सेकंदाला १०० मेगाबिटच्या एच.२६५ ला सुमारे ४५.

म्हणून मूळ फायली तशाच ठेवून १०८०पी प्रोरेस प्रॉक्सी (संपादनापुरत्या हलक्या प्रती) तयार कराव्यात, म्हणजे तासाला साधारण १७ जीबीत काम भागते. विंडोजवर डीएनएक्सएचआरचा एलबी हा हलका प्रकारही चालेल. कापाकापी प्रॉक्सीवर करावी. रंगसंस्कार आणि अंतिम एक्स्पोर्ट मूळ फायलींवरून करावेत. मोबाइलवरच्या क्लिपचा फ्रेम रेट बहुधा बदलता असतो. तो आधी स्थिर करून घ्यावा, नाहीतर ताशाची काडी आणि आवाज यांची फारकत होते.

जागा वाचवण्यासाठी मूळ फायली कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी माहिती ठेवून) पुन्हा दाबून ठेवू नका. मी एकदा तसे केले आणि मूळ फायली पुसूनही टाकल्या. हवेत उधळलेल्या गुलालाचा कण न् कण वेगळा हलतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये सारखे असे फारसे उरतच नाही. परिणामी ऐन रंगातली ती दृश्ये चौकोनी ठोकळ्यांनी भरून गेली.

मूळ फायलींच्या दोन प्रती साध्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगवेगळ्या घरी ठेवा. प्रॉक्सी एसएसडीवर असू द्या आणि काम संपले की निःसंकोच पुसून टाका. मूळ फायलींवरून त्या केव्हाही पुन्हा करता येतात.